कोळ्याच्या जाळ्यात कुणाचं मरण लिहिलेलं नसतं

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. आवाज पार बसलेला. परसातल्या जास्वंदीवर मोठं जाळं होतं आणि त्यात पांढऱ्या धाग्याचा ठसठशीत ‘व्ही’. काकांचं नाव याच अक्षराने सुरू होतं आणि त्यांच्या बायपासला जेमतेम महिना झालाय. मावशीला इंग्रजी वाचता येत नाही, अक्षर नातवाने ओळखलं. तिने केरसुणीने जाळं ओढलं, कोळी चिरडला आणि तीन रात्री जागून काढल्या.

हे सगळं एका फॉरवर्डपायी. त्यात म्हटलंय: अर्जिओपी ही ग्रीक राजकन्या विणकामात अथेना देवीशी हरली आणि शापाने कोळी झाली, मरणाऱ्याच्या नावाचं अक्षर ती जाळ्यात लिहिते, चावली तर तीन तासांत माणूस जातो, नेफिला हा दुसरा कोळी म्हणजे ग्रीकांची मेघदेवी, ही मादी नराला खाते. शेवटी, ‘दिसताच मारा’.

आधी ते अक्षर, कारण झोप त्याने उडवली. अर्जिओपी जातीचे कोळी गोल जाळ्याच्या मध्यभागी जाड पांढऱ्या धाग्याच्या नागमोडी पट्ट्या विणतात. आपल्याकडे सर्रास दिसणारी अर्जिओपी अनसुजा पायांच्या जोड्या जुळवून फुलीसारखी बसते आणि पट्ट्याही फुलीच्याच रेषेत असतात. पण दर वेळी चारही पट्ट्या विणल्या जातातच असं नाही. कधी एक, कधी दोन, कधी तीन. शेजारच्या दोनच विणल्या की झाला ‘व्ही’! जाळं जुनं झालं की ती नवं विणते, पट्ट्यांची संख्या बदलते, ‘अक्षर’ही बदलतं. या पट्ट्या कशासाठी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत: कुणी म्हणतं किडे ओढायला, कुणी म्हणतं शत्रूची नजर चुकवायला, कुणी म्हणतं पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून. माणसाच्या मरणाचा संबंध त्यातल्या एकाही मतात नाही. आणि मराठी घराच्या परसातल्या कोळ्याने रोमन लिपीत का लिहावं, एवढं तरी पुढे पाठवणाऱ्याने स्वतःला विचारायचं होतं.

आता ती राजकन्या. शापाची गोष्ट अर्जिओपीची नाहीच, अरॅक्नीची आहे, आणि अरॅक्नी राजकन्या नव्हती. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’चा सहावा भाग उघडून बघा. ती लिडियातली, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली, लोकर रंगवणाऱ्या इडमोनची मुलगी. आणि ती हरली नव्हती! देवांनी बायकांना कसं फसवलं ते तिने मागावर विणलं, त्यात देवीला एकही खोट काढता आली नाही. म्हणून देवीने चिडून ते वस्त्र फाडलं आणि हातातला धोटा तिच्या कपाळावर हाणला. अपमानाने अरॅक्नीने गळफास घेतला, तेव्हा कुठे देवीला दया आली आणि तिचा कोळी झाला. इतकी मोठी विणकरीण, आणि फॉरवर्डवाल्यांनी तिला हरलेली ठरवून वर दुसऱ्याच बाईचं नाव चिकटवलं.

अर्जिओपी ही पार्नासस डोंगरावरची अप्सरा, थॅमिरिस गायकाची आई. विणकाम, शाप, कोळी यांतलं तिच्या कथेत काहीच नाही. कोळ्याला तिचं नाव माणसांनी एकोणिसाव्या शतकात दिलं. अनसुजा हे नाव १८८७ सालचं, टॉरेल या स्वीडिश अभ्यासकाने दिलेलं. स्वीडिशमध्ये ‘जे’चा उच्चार ‘य’ होतो, म्हणजे ते नाव आपल्या कानाला अनसुया असंच ऐकू येतं.

नेफिलाचा मेघदेवीशी संबंध नाही. ग्रीक शब्दांतून त्याचा अर्थ होतो ‘कातण्याची आवड असलेली’. अर्जिओपीच्या विषाने माणूस मरत नाही. सहसा ती चावतच नाही, दाबली गेली आणि चावलीच तर थोडा वेळ दुखतं. मादी नराला खाते, हे मात्र खरं. अर्जिओपींमध्ये ते पुष्कळदा घडतं. पण तो त्यांचा मामला, त्यासाठी आपण केरसुणी उचलायचं कारण नाही.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी मारली ती कुणाचं काहीच करत नव्हती?”

नव्हती गं मावशी. जास्वंदीवरचे किडे खात होती.