गूळ-हळदीनं जीन बंद होत नसतं

आमच्या पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'लिव्हरचा कॅन्सर जीन्समध्येच असतो. आईबापाकडून आला तर चुकत नाही. दारू न पिणाऱ्यांनी घाबरू नये. उपाशीपोटी गूळ-हळदीचं पाणी घ्या, कॅन्सरचं जीन बंद होतं.'

जीन्सचा संबंध आहे, पण बहुतेक रुग्णांत बिघाड जन्माचा नसतो. लिव्हरच्या पेशीत पुढं कधीतरी होतो. कित्येकदा जीन धड असतं, ते चालू-बंद करणारी व्यवस्थाच बिघडते. टर्ट हे जीन घ्या. गुणसूत्रांची टोकं झिजू न देणारं टेलोमरेज त्याच्यामुळं बनतं. मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये ते जवळजवळ बंद असतं. त्याच्या अलीकडं डीएनएचा एक तुकडा असतो, प्रमोटर, म्हणजे जीन चालू-बंद करायचं बटण. तिथं एक अक्षर बदललं की टर्ट चालू होतं आणि पेशी विभागायची थांबत नाही. साधारण निम्म्या रुग्णांच्या गाठीत हा बदल सापडतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू आणखी बेरकी: स्वतःचा डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवतो, तोही बऱ्याचदा टर्टच्याच शेजारी.

मग एकाच घरात दोघा-तिघांना कसा होतो? हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, म्हणून. रक्ताच्या नात्यातून आल्यासारखं दिसतं, असतो संसर्ग. त्यामुळं तो चुकवताही येतो. जन्मल्यापासून 24 तासांत बाळाला लसीचा पहिला डोस द्यायचा. तैवाननं 1984 मध्ये नवजात बाळांना ही लस सुरू केली आणि तिथं मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर ठळकपणे घटला.

दारूचं वाक्य सगळ्यात घातक. हिपॅटायटिस बी, सी, मधुमेहासोबतचं फॅटी लिव्हर, यांना बाटली लागत नाही. आपल्याकडं भाजीत, चटणीत दाण्याचा कूट लागतोच; पण बुरशी आलेल्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष पेशीला आवर घालणाऱ्या पी-53 जीनचीच मोडतोड करतं. भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. काळपट, खवट दाणे निवडून सरळ टाकायचे.

राहिलं गूळ-हळदीचं पाणी. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत काही जीन्सवर परिणाम करतं, खरं आहे. पोटातून मात्र ते रक्तात फारच थोडं पोचतं. अर्काच्या जालीम गोळ्यांनी लिव्हरलाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि गूळ आपला कितीही नावाजलेला असला, तरी मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्या माणसाला रोज उपाशीपोटी तो पाजायचा?