पीएमपी आणि ‘कागदी मॅनेजर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘जुना खेळाडू’,

लेख पूर्ण वाचलात त्याबद्दल आभार. (पूर्ण वाचलात असं धरून चालते आहे. प्रतिक्रियेवरून तशी खात्री पटत नाही.)

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी ती थोडक्यात सांगते. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे प्रोजेक्ट मॅनेजर लोकांसाठीचं पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेचं सर्टिफिकेशन, त्याच्या तयारीवर मी लेख लिहिला होता. त्याखाली तुम्ही लिहिलंत, ‘ताई, रागावू नका, पण ज्यांना काम येतं ते काम करतात, ज्यांना येत नाही ते सर्टिफिकेट घेतात. असे कागदी मॅनेजर मी खूप पाहिलेत.’ पुढे आणखी तीन मुद्दे : परीक्षेतल्या प्रोजेक्टचा खऱ्या प्रोजेक्टशी काही संबंध नसतो, दर तीन वर्षांचं नूतनीकरण हा संस्थेचा कमाईचा धंदा आहे, आणि पीएमपी झालेल्यांचे प्रोजेक्ट इतरांपेक्षा वेळेत संपतात याला पुरावा काय. शेवटी डोळा मारणारी एक स्मायली.

त्या स्मायलीचं काय प्रयोजन होतं, ते मला अजून कळलेलं नाही. ‘रागावू नका’ म्हणून सुरुवात करणाऱ्याला समोरचा रागावणार हे पक्कं ठाऊक असतं. मतभेदाला माझी हरकत नाही, इथे याआधीही अनेकांनी माझे मुद्दे खोडून काढलेत आणि ते सगळं जसंच्या तसं खाली आहे. पण त्यांनी लेखातलं वाक्य उचलून त्यावर लिहिलं. तुम्ही टोपणनावामागे उभं राहून माझ्यासकट सगळ्या पीएमपीवाल्यांना एका ओळीत बिनकामाचं ठरवलंत आणि वर ‘ताई’ म्हणालात. असल्या ताईपणापेक्षा सरळ शिवी बरी.

एक गोष्ट मान्य करते. लेखात मी ‘३५ तासांचा अभ्यास’ असं लिहिलं होतं, त्यावर तुम्ही ‘३५ तासांत मॅनेजर तयार!’ असा टोमणा मारलात. तिथे शब्द जास्त नेमका हवा होता. ते ३५ तास रीतसर प्रशिक्षणाचे, अर्ज करण्यासाठीची ती अट आहे. घरी पुस्तक उघडून बसलात तर ते तास त्यात धरत नाहीत. लेखात तसा बदल केला आहे. झालं समाधान?

आता तुमचं ते लाडकं वाक्य. ज्यांना काम येत नाही ते सर्टिफिकेट घेतात म्हणे. अहो, ज्याने काम केलेलं नाही त्याला या परीक्षेला बसूच देत नाहीत! चार वर्षांची पदवी असेल तर किमान ३६ महिने प्रोजेक्टचं नेतृत्व केलेलं असावं लागतं, पदवी नसेल तर ६० महिने. एकाच महिन्यात दोन प्रोजेक्ट सांभाळले असतील तरी तो महिना एकदाच मोजतात. नुसतं टीममध्ये होतो म्हणूनही चालत नाही. ज्यांच्याकडे अनुभव नाही त्यांच्यासाठी त्याच संस्थेचं सीएपीएम नावाचं वेगळं सर्टिफिकेशन आहे. तुम्ही पाहिलेले कागदी मॅनेजर नेमके कोणत्या कागदाचे होते, हे एकदा तपासून बघा.

आणि अर्जात काहीही ठोकून देता येतं असं वाटत असेल तर तेही नाही. काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात, त्यात नियम असा नसतो, कोणाचाही नंबर लागू शकतो. माझा लागला. एका मोठ्या प्रोजेक्टसाठी ज्या वरिष्ठांची सही हवी होती ते तोवर कंपनी सोडून गेले होते आणि शेवटी शेवटी आमचं फार गोडीगुलाबीचं राहिलं नव्हतं. तरी फोन केला. त्यांनी माझं वर्णन समोर ठेवून ओळीओळीवर ‘हे तू केलंस की टीमने?’ असं विचारलं. एका ओळीवर तर जवळजवळ भांडणच झालं. मग सही केली. इतकी उलटतपासणी मला आजवर कुठल्या मुलाखतीतही सोसावी लागलेली नाही.

तो प्रोजेक्ट कोणता होता तेही सांगते, म्हणजे ‘काम येतं की नाही’ हा प्रश्न मिटेल. एका गोदामाची जुनी सिस्टिम बंद करून नवी सुरू करायची होती. गो-लाइव्हच्या रात्री सगळा डेटा चढला, एकूण नोंदींचा आकडाही जुळला, टीम घरी जायच्या बेतात होती. मी सहज म्हणून काही मालाचे कोड हाताने शोधून पाहिले तर सापडेनात. डेटा मध्ये एकदा एक्सेलमधून फिरवला होता आणि कोडच्या सुरुवातीची शून्यं एक्सेलने खाऊन टाकली होती. नोंद होती, कोड चुकीचा होता. सकाळची पहिली गाडी लागली असती तर कुठल्या रॅकमधून काय उचलायचं हे कोणाला कळलं नसतं. पहाटेपर्यंत रोलबॅक केला, म्हणजे सगळं परत जुन्या सिस्टिमवर आणलं, गो-लाइव्ह पुढे ढकललं, सकाळी क्लायंटची बोलणी खाल्ली. तेव्हा माझ्याकडे कसलंही सर्टिफिकेट नव्हतं. म्हणजे तुमच्याच हिशेबाने मी ‘काम येणाऱ्यां’त बसत होते, मग सर्टिफिकेट घेतल्यावर काम विसरले की काय?

परीक्षा घोकून पास होता येते असंही तुम्ही जाता जाता सुचवलंत. तुम्ही बहुतेक पीएमबोक या पीएमआयच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीतल्या ४९ प्रक्रियांचा तक्ता पाठ करणारे लोक पाहिले असावेत. पीएमबोकच्या २०२१च्या सातव्या आवृत्तीत तो तक्ताच राहिला नाही, त्याच्या जागी १२ तत्त्वं आली. परीक्षाही त्याच वर्षी बदलली. मी दिली ती या स्वरूपातली : १८० प्रश्न, २३० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. निम्म्याच्या आसपास प्रश्न अ‍ॅजाइल (छोट्या छोट्या टप्प्यांत काम) आणि हायब्रिड (दोन्हींचं मिश्रण) पद्धतीवरचे. ४२ टक्के प्रश्न माणसं सांभाळण्यावरचे! त्यात पाठ काय करणार?

प्रश्नाची जात कशी असते ते दाखवते. हा मी स्वतः रचलेला आहे. प्रोजेक्ट अर्ध्यावर आला आहे. स्पॉन्सरने (प्रोजेक्टला पैसा आणि मंजुरी देणाऱ्याने) तुम्हाला वगळून थेट एका डेव्हलपरला ‘छोटासा’ बदल सांगितला आणि त्याने तो करूनही टाकला. तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? अ) स्पॉन्सरशी बोलाल. ब) बदल काढून टाकायला लावाल. क) त्या बदलाचा वेळेवर, खर्चावर आणि बाकीच्या कामावर काय परिणाम होतो ते तपासाल. ड) चेंज रिक्वेस्ट (बदलाचा रीतसर अर्ज) भराल. चारही गोष्टी कधी ना कधी कराव्याच लागतात. विचारलंय ते आधी काय, एवढंच. अपेक्षित उत्तर क. बहुतेक अनुभवी लोक झटकन अ म्हणतात. (प्रत्यक्षात मीही अ-च करते, आणि तेही जरा चढ्या आवाजात.) म्हणूनच वर्षानुवर्षं प्रोजेक्ट चालवलेले लोक सराव परीक्षेत गटांगळ्या खातात आणि मग बाहेर येऊन परीक्षेला नावं ठेवतात. तुम्ही त्यातले आहात असं मी म्हणत नाही.

परीक्षेतलं जग आणि खरं जग वेगळं, हा मुद्दा यातच आला, त्यामुळे त्यावर वेगळं लिहीत नाही. नूतनीकरणाचं म्हणाल तर तीन वर्षांत ६० पीडीयू (शिकत राहिल्याबद्दलचे गुण) जमवावे लागतात आणि शुल्क भरावं लागतं, हो. डॉक्टरांना आणि लेखापालांनाही शिकत राहावं लागतं, त्यांना कोणी धंदेवाईक म्हणत नाही. शिवाय हे सर्टिफिकेशन १९८४पासून चालू आहे, काल-परवाचं खूळ नव्हे.

राहिला पुरावा. प्रोजेक्ट यशस्वी झाला म्हणजे काय झालं, यावरच आधी एकमत होत नाही. वेळेत संपलेला पण कोणी न वापरलेला प्रोजेक्ट तुम्ही कशात धराल? तो फार मोठा विषय आहे आणि या लेखाचा नाही. लेख तयारीबद्दल होता.

तुमची पुढची प्रतिक्रियाही मी काढून टाकणार नाही. फक्त वरच्या प्रश्नावर वाद घालायचा असेल तर नुसतं ‘पुस्तकी उत्तर’ म्हणू नका, तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं झालं तेव्हा तुम्ही आधी काय केलंत आणि त्याचं पुढे काय झालं ते लिहा. आणि मला ताई म्हणू नका.