16 किलो दगड आणि 2.3 टन दगड

अंटार्क्टिकातल्या जीवाश्म मोहिमांवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: दक्षिण ध्रुवावर गेलेला ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे साथीदार दगडांच्या हव्यासापायी मेले. 1990-91 मध्ये माउंट कर्कपॅट्रिकवरून डायनासोरची हाडं काढताना टनावारी दगड वाहून आणले, तेही त्याच वेडापायी. दगड तिथेच फोडून हाडं तेवढी आणायला हवी होती. आणि उपग्रह असताना माणसं त्या डोंगरांवर पाठवायचीच कशाला?

आधी स्कॉट. ध्रुवावरून परतताना 8 फेब्रुवारी 1912 रोजी ही मंडळी बियर्डमोर हिमनदीवर माउंट बकलीच्या पायथ्याशी थांबली आणि तिथून गोळा केलेले सुमारे 16 किलो नमुने त्यांनी शेवटपर्यंत स्लेजवर ओढले. मार्चअखेर शेवटचे तिघे तंबूतच मेले, तेव्हा वन टन डेपो (अन्न आणि इंधनाचा साठा) सुमारे 20 किलोमीटरवर होता. तो डेपो ठरल्याप्रमाणे 80 अंश दक्षिणेला लावला असता, तर जवळपास 57 किलोमीटर अलीकडेच त्यांच्या हाती लागला असता. प्रत्यक्षात तो 79 अंश 29 मिनिटांवर होता. वाटेतल्या डेपोंमधलं रॉकेलही कमी निघालं, कारण डब्यांच्या झाकणांचे चामडी वॉशर थंडीत नीट बसत नव्हते. रॉकेल कमी म्हणजे वितळवलेलं पाणी कमी. त्यात कडाक्याची थंडी. स्लेजच्या पट्ट्यांखाली घर्षणाने पाण्याचा जो पातळ थर तयार होतो, तो उणे 30 अंशांच्या आसपास जवळजवळ होतच नाही, आणि स्लेज वाळूतून ओढल्यासारखी जड लागते. अशा वेळी 16 किलो नक्कीच जाणवले असणार. पण ते फेकून दिल्याने रॉकेल वाढलं नसतं. वजनापेक्षा वेळेचा मुद्दा तुम्ही मांडायला हवा होता: शिधा मोजका असताना खडक धुंडाळण्यात गेलेला अर्धा दिवस. त्यावर माझ्याकडेही बचाव नाही.

त्या दगडांमध्ये ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं होती. हीच वनस्पती भारतातल्या कोळशाच्या थरांतही सापडते. 1969 मध्ये त्याच पर्वतरांगेतल्या कोलसॅक ब्लफवर लिस्ट्रोसॉरसची हाडं मिळाली. समुद्र ओलांडणं ज्याला शक्य नव्हतं असा हा जमिनीवरचा प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि भारतातही सापडलेला असल्यामुळे, हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते या मताला मोठा आधार मिळाला.

आता तुमचा खरा प्रश्न, तिथेच का फोडत नाहीत? कर्कपॅट्रिकवरची हाडं साधारण 4,000 मीटर उंचीवर, ज्वालामुखीची राख मिसळलेल्या कठीण सिल्टस्टोनमध्ये (बारीक गाळाच्या खडकात) आहेत. मऊ मातीतलं हाड ब्रशने मोकळं होतं. इथे दगड हाडाइतकाच, कधी हाडाहून कठीण असतो, त्यामुळे छिन्नी मारली की तडा दगडातून सरळ हाडात जातो. म्हणून जागेवर हाडाची वरची कड दिसेल एवढंच साफ करायचं, सुटलेले कपचे डिंकाने धरायचे (ॲसिटोनमधला डिंक या थंडीत फार सावकाश वाळतो, घाई केली तर चिकटपणा राहतो पण पकड येत नाही), आणि हाडापासून पुरेसं अंतर सोडून हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने चर पाडायचा. मग ड्रिलने ओळीत भोकं पाडून त्यांत पाचरा ठोकायच्या आणि ठोकळा सुटा करायचा. 60 × 40 × 30 सेंटिमीटरचा ठोकळा जवळपास 190 किलो भरतो. अशा ठोकळ्यांचे 2.3 टन व्हायला बाराच पुरतात. 1990-91 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ विल्यम हॅमर यांच्या तुकडीने तेवढा दगड काढला.

ठोकळ्याला गोणपाट आणि प्लास्टरचं कवच चढवायचं असतं, आणि नवखे नेमके इथेच फसतात. हाडावर आधी ओल्या कागदाचा थर हवा, नाहीतर प्लास्टर हाडालाच चिकटतं. एक किलो पाण्याला दीड किलोच्या आसपास प्लास्टर लागतं. पाणी थंड असेल तर प्लास्टर धरायच्या आत ते गोठतं. कवच टणक दिसतं, पण उबदार जागी नेलं की भुसभुशीत होऊन गळतं. उणे 25 अंशांच्या बर्फापासून एक लिटर कोमट पाणी करायला, स्टोव्हची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर, साधारण 25 ग्रॅम रॉकेल जळतं. त्यामुळे प्लास्टरचा हिशेब इंधनातही करावा लागतो. शिवाय ध्रुवाजवळ हवेचा दाब त्याच उंचीवर इतर ठिकाणांपेक्षा कमी असतो. म्हणजे माणसाला दम लवकर लागतो आणि हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं.

एवढं करून मिळालं काय? क्रायोलोफोसॉरस, डोळ्यांच्या वर आडवा तुरा असलेला सहा-सात मीटरचा मांसाहारी प्राणी, 1994 मध्ये नाव मिळालेला. तो तुरा फार पातळ आहे, जागेवर हातोडा चालवला असता तर पहिला बळी त्याचाच गेला असता. त्याच ठिकाणाहून टेरोसॉर या उडणाऱ्या सरीसृपाचं बाहूचं हाड मिळालं आणि सस्तन प्राण्यांच्या जवळच्या ट्रायटिलोडॉन्टचा एक दात मिळाला. एवढासा दात वाऱ्यात, तीन थरांच्या हातमोज्यांनी उचलणार कोण? पायाच्या काही हाडांवरून ग्लेशियलिसॉरस या शाकाहारी डायनासोरचं वर्णन थेट 2007 मध्ये झालं. प्रयोगशाळेत हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक सुईने दगड कणाकणाने काढतात, आणि या कामाला खरोखर वर्षं लागतात.

एक गोष्ट लोक विसरतात. ठोकळा हलवण्याआधी त्यावर दिशेची खूण लागते, कारण हाडं कोणत्या दिशेला पडली आहेत त्यावरून तेव्हाच्या पाण्याच्या प्रवाहाचा अंदाज येतो. पण चुंबकीय ध्रुव तुलनेने जवळ असल्यामुळे होकायंत्राची सुई खाली ओढली जाते आणि मंद चालते, शिवाय दिशेची दुरुस्तीही फार मोठी करावी लागते. म्हणून सूर्य आणि घड्याळ वापरतात, किंवा दोन बिंदूंच्या जीपीएस नोंदींवरून दिशा काढतात.

उपग्रहांबद्दल तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. योग्य थर कुठल्या उतारावर उघडे पडलेत आणि हिमभेगांचे पट्टे कुठे आहेत, हे ते छान दाखवतात. पण व्यापारी उपग्रहांच्या चांगल्या चित्रातही एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 सेंटिमीटर. त्यात दगडातून डोकावणारं तीन सेंटिमीटरचं हाड दिसणार नाही. कर्कपॅट्रिकवरची पहिली हाडं डेव्हिड इलियट या भूशास्त्रज्ञाला दिसली, ती तिथे पायी फिरून खडक पाहताना.