पॉड पडतोय? रूट देऊन टाका, भाऊ!

पॉड, म्हणजे अॅप ज्या कंटेनरच्या डब्यात चालतं तो, उठत नाहीये? लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसतंय? अभिनंदन! आता काही वाचायची, समजून घ्यायची गरज उरली नाही. हे पॉड चालवणारी यंत्रणा, ओपनशिफ्ट, मुळातच संशयी. तुमची इमेज (अॅपचा बांधून ठेवलेला साचा) रुबाबात सांगते, मी रूट, सगळे हक्क असलेला शून्य नंबरचा युजर. ते म्हणतं, असशील तुझ्या घरी; हा घे १०००६५०००० नंबर आणि बस गुमान. प्रत्येक प्रोजेक्टला दहा हजार नंबरांचा वेगळा गठ्ठा तोडून देतं, का तर एकाने दुसऱ्याच्या फायलींना हात लावू नये. एवढा अविश्वास बरा नव्हे. आमच्या खान्देशात पाहुण्याला आधी पाणी विचारतात, आधार कार्ड नाही.

तर उपाय सोपा आहे: एनीयूआयडी द्या, म्हणजे कुठल्याही नंबराने, अगदी रूट म्हणूनही, चालायची परवानगी. तीही डिफॉल्ट सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे पॉड आपोआप ज्या खात्यावर चालतात त्याला. त्या एका अॅपसाठी वेगळं अकाउंट काढत कोण बसणार? डिफॉल्टला दिलं की ज्या पॉडने स्वतःचं अकाउंट सांगितलेलं नाही, असा त्या प्रोजेक्टमधला प्रत्येक पॉड रूट व्हायला मोकळा.

त्यानेही भागत नसेल तर सगळ्या लॉगिन केलेल्यांच्या ग्रुपलाच प्रिव्हिलेज्ड, म्हणजे होस्ट (खालचं खरं मशीन) उघडं करणारी परवानगी, वाटून टाका. लग्नात पंगतीला बसलेल्यांची नावं विचारतात का?

फोल्डरला ७७७, म्हणजे कुणीही या, वाचा, लिहा.

सहसा रूट मागणारा पोर्ट ८०च हवा म्हणून अडून बसा. ८०८० वर ऐकलं तरी बाहेरचा राउट (लोक अॅप उघडतात तो पत्ता) ८० वरच मिळतो, ही गोष्ट कुणाला कळू देऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं, परवानगी दिल्याचं कुठेही लिहून ठेवू नका. कमांड हाताने मारा, टर्मिनल बंद करा. गिटमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) नाही, तिकिटात नाही. याचे फायदे मी मागच्या शनिवारी भोगलेत. बामणोदच्या अलीकडे एका मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी कापसाच्या काड्यांवर भाजून झालेली, बडगीत मिरची-लसणासोबत कुटणं चाललेलं, कळण्याच्या पुऱ्या कढईत. तेवढ्यात फोन. नव्या क्लस्टरवर (मशीनांच्या गटावर) हलवलेलं अॅप आडवं, आठच्या आठ पॉड क्रॅशलूपबॅकऑफ, म्हणजे उठतात, पडतात, पुन्हा उठतात. मळ्यात रेंज एकाच जागी, विहिरीच्या कठड्यावर. तिथे मांडीवर लॅपटॉप घेऊन अडीच तास. इमेज तीच, येमल (सेटिंगची फाइल) तीच, सीक्रेट (पासवर्ड वगैरे) तेच. मग फरक कशात? जुन्या क्लस्टरवर कुणीतरी चौदा महिन्यांपूर्वी डिफॉल्टला एनीयूआयडी देऊन ठेवलं होतं. तो ‘कुणीतरी’ त्याच कॉलवर होता. अडीच तास. म्यूटवर. शेवटी म्हणतो, “हां, ते मीच दिलेलं. तेव्हा डेमो होता ना.” आणि वर, “तू आता प्रिव्हिलेज्डच देऊन टाक, कटकटच नको.”

मळ्याचे मालक आबा काठावर येऊन उभे. “काय झालं रे भो?”

“आबा, सालदाराला मोटरीची पेटी उघडता येत नव्हती, तर एकाने मळ्याचा सातबाराच त्याच्या नावावर करून दिला.”

आबा म्हणाले, “मंग सालदाराची काय चूक?” आणि पुऱ्यांकडे गेले.

बरोबर आहे. सालदाराची काहीच चूक नाही.

चूक तुझी आहे, शहाण्या! कंटेनर म्हणजे वेगळं मशीन वाटलं का तुला? खाली कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) एकच आहे. युजर नेमस्पेस (युजर नंबरांची मोजणी) वेगळी केली नसेल तर आतला शून्य नंबर तोच बाहेरचा शून्य. २०१९ मध्ये रनसीमध्ये, म्हणजे कंटेनर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, भोक सापडलं, सीव्हीई-२०१९-५७३६. कंटेनरमधल्या रूटला होस्टवरची रनसीची फाइलच बदलता येत होती. आणि तू प्रिव्हिलेज्ड वाटतोस? होस्टचं नेटवर्क, होस्टचे फोल्डर, सगळं उघडं? डेमोसाठी?

दुरुस्ती किती होती, सांगू? डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायच्या कृतीत) दोन ओळी. अॅप जिथे लिहितं त्या फोल्डरचा ग्रुप ० करायचा, आणि मालकाला जे हक्क तेच ग्रुपला द्यायचे. ओपनशिफ्ट नंबर कुठलाही देवो, ग्रुप ०च देतं, म्हणून चालतं. युजरच्या ओळीत नाव नाही, नंबर लिहायचा. बाहेरून आणलेली इमेज ठरावीकच नंबर मागत असेल आणि तो शून्य नसेल, तर नॉनरूट, म्हणजे रूट सोडून कुठलाही नंबर चालू देणारी परवानगी, पुरते. अगदीच हट्टी असेल तर तिला एकटीला वेगळं सर्व्हिस अकाउंट काढ, एनीयूआयडी फक्त त्याला दे, आणि ते रोलबाइंडिंग (परवानगी खात्याला जोडणारी नोंद) अॅपच्या येमलशेजारी गिटमध्ये टाक. “माझ्या लॅपटॉपवर चालतं” हे तर तोंडातूनच काढू नकोस. तुझ्या लॅपटॉपवर तू एकटाच राहतोस.

मी कठड्यावरून उठलो तेव्हा बडगी धुऊन पालथी घातलेली होती. पुढच्या शनिवारी आबांनी पुन्हा बोलावलंय. त्याआधी त्या दोन ओळी टाक. आणि कॉलवर असशील तर म्यूट काढून बोल.