भेगाळलेल्या टाचा ‘एका रात्रीत’ मऊ होतात?

‘टाचांना भेगा म्हणजे कॅल्शियम कमी. गरम पाण्यात लिंबू आणि खाण्याचा सोडा घालून अर्धा तास पाय बुडवा, वजरीने जाड कातडी पूर्ण काढा, एका रात्रीत टाचा मऊ!’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातलं पाय भिजवणं तेवढं खरं, तेही अर्धवट.

आधी कॅल्शियम. तळपायाच्या त्वचेत तैलग्रंथी नसतातच, फक्त घामाच्या असतात. त्यामुळे ती लवकर कोरडी पडते आणि दाबाने जाड होते. आपण उभे राहिलो की टाचेखालची चरबीची गादी वजनाने बाजूंना फाकते. मऊ त्वचा तिच्याबरोबर ताणली जाते, वाळलेली तडकते. म्हणून भेगा बहुधा टाचेच्या कडेला दिसतात. मागून उघड्या चपला, कडक फरशी, तासन् तास उभं राहणं, जास्त वजन यांनी त्रास वाढतो. कॅल्शियमच्या गोळीने यातलं काय बदलणार?

लिंबू आणि सोडा एकत्र आले की फेस येतो आणि दोघे एकमेकांना निकामी करतात. उघड्या भेगेत लिंबू झोंबतं, आणि त्या झोंबण्यालाच लोक ‘गुण येतोय’ म्हणतात!

सगळी कातडी खरवडणं तर सर्वांत वाईट. जोरात घासलं की त्वचा आणखी जाड होते, जखम झाली तर जंतुसंसर्ग वेगळाच. ब्लेड तर नकोच नको.

त्यापेक्षा पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, वजरी हलक्या हाताने फिरवा, टिपून घ्या आणि ओल आहे तोवर १० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम लावा. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जाड थर सैलही करतो. वरून पेट्रोलियम जेली, सुती मोजे. खोल भेगेत युरिया चुरचुरतो, तिथे ती भरेपर्यंत नुसती जेली लावा. सकाळी टाच मऊ लागेल, पण भेग भरायला काही आठवडे जातात.

मधुमेहाबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. पायाची संवेदना कमी असेल तर गरम पाण्याने भाजलेलंही कळत नाही. अशांनी भिजवणं-खरवडणं टाळून सरळ डॉक्टरांना पाय दाखवावा. एकाच पायाला भेगा, खाज, बोटांच्या बेचक्यात पांढरट साल असेल, तर बुरशीची शंका घ्यावी. तिथे निव्वळ युरियाच्या क्रीमने भागत नाही.