पुलाची डागडुजी आणि आमची कोंडी

धुळ्यात देवपूरहून जुन्या शहरात यायचे तर पांझरा ओलांडावीच लागते. तरीही जुन्या पुलाची डागडुजी निघाली की दर वेळी ऐन शाळेच्या वेळेत निम्मा रस्ता अडवला जातो आणि दोन्ही टोकांना आळीपाळीने वाहने सोडणारा एकही माणूस नेमला जात नाही. त्याहून संताप येतो तो कामाच्या पद्धतीचा. चुन्यात बांधलेल्या दगडी पुलांच्या सांध्यांत सिमेंट भरले की आतली ओल कोंडते आणि दगडच झिजू लागतो, शिवाय डांबराचे थरावर थर चढवल्याने भार वाढतो तो वेगळाच. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून माणसे वाहून गेली. त्यानंतरही अवजड वाहने आधी वळवा आणि काम रात्री करा, हे नागरिकांनीच सांगायचे का?