काका, ती यादी आरामासाठी नव्हती

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली, पण उत्तराला चार दिवस घेतले. मेळघाटात ३१ वर्षं वनरक्षक म्हणून काढलेल्या माणसाला दोन ओळी लिहून मोकळं होणं मला पटलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या वन्यजीव शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाण्याआधी काय तयारी करावी, याची यादी मी लेखात दिली होती. तुम्ही लिहिलंत की इंजेक्शनं, गोळ्या, बूट, विमा ही सगळी शहरी थेरं आहेत. आम्ही रबरी चपला आणि फडक्यात बांधलेली भाकर एवढ्यावर गस्त घातली. दुसरं, त्याच पैशात मेळघाटातल्या संरक्षण कुट्यांवर, म्हणजे वनरक्षकांच्या जंगलातल्या पहाऱ्याच्या झोपड्यांवर, सौर दिवे लागले असते. तिसरं, सिंहाच्या पिल्लांना हात लावू नका हा उगाच केलेला बाऊ आहे. तुम्ही स्वतः आई नसलेली पिल्लं बाटलीनं दूध पाजून जगवली आहेत. आणि शेवटी विचारलंत, हे वाचून माझी नात जायला निघाली आहे, तिला काय सांगू?

चपलांपासून सुरुवात करते. काका, तुम्ही तुमच्या जंगलात होतात. कुठल्या नाल्याला कधी पाणी येतं, कुठल्या वाडीत रात्री दार वाजवलं तर उघडेल, हे तुम्हाला पाठ होतं. मी दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल प्रांताच्या उत्तर भागात चार आठवड्यांची पाहुणी होते. तिथे मी आजारी पडले असते तर माझा भार कोणावर पडला असता, हे मला तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांनी दिसलं.

आमचं काम रानकुत्र्यांच्या मागावर राहण्याचं होतं. आफ्रिकेतला रानकुत्रा म्हणजे आपला कोळसुंदा नव्हे. अंगावर काळे, पिवळे, पांढरे ठिपके, आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे फोटोवरून एकेक जनावर ओळखता येतं. टोळीतल्या एका-दोघांच्या गळ्यात रेडिओ पट्टा असतो. पहाटे चारला उठायचं, गाडी उंचवट्यावर न्यायची, अँटेना हातात धरून हळूहळू फिरवायचा आणि पट्ट्याची टिक-टिक कुठल्या दिशेला जोरात येते ते ऐकायचं. ऊन चढलं की टोळी सावलीत शिरते आणि मग दिवसभर दिसत नाही. एका संध्याकाळी आम्हाला एका मादीच्या मानेत चोरट्या शिकाऱ्यांचा तारेचा फास रुतलेला दिसला. दुसऱ्या सकाळी पशुवैद्य येणार होते. टोळी कुठे आहे हे त्याआधी पक्कं करायचं, मग बेशुद्ध करून तार कापायची, असं ठरलं.

त्याच रात्री आमच्यातल्या एकाला थंडी वाजून ताप भरला. तो भारतातलाच होता. "आपल्याकडे काय कमी डास आहेत, आपल्याला काही होत नाही," म्हणून त्यानं मलेरियाच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात सोडल्या होत्या. तिथला मलेरिया बहुतेक करून फाल्सिपेरमचा असतो, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. थांबून चालणार नव्हतं. अँटेना असलेली गाडी एकच, ती चालवणारी निरीक्षक एकच, आणि रुग्णालय अडीच तासांवर. ती त्याला घेऊन गेली. टोळी पुन्हा सापडली ती दोन दिवसांनी. तोवर तार आणखी आत गेली होती आणि मानेची एक बाजू सुजून डोळ्यापर्यंत आली होती. मादी वाचली. मुलगाही वाचला. पण ते दोन दिवस ती निरीक्षक जेवताना कुणाशी बोलली नाही.

म्हणून मी गोळ्यांवर एवढं लिहिलं, काका. डॉक्सिसायक्लिन असेल तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, तिथे रोज घ्यायची आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. लोक चुकतात ते या शेवटच्या भागात. ही गोळी चालू असताना ऊन जास्त भाजतं, म्हणून पूर्ण बाह्यांचे शर्ट. कोणाला कुठली गोळी चालेल हे डॉक्टरच ठरवतील, पण निघायच्या आठवड्यात नव्हे, दीड-दोन महिने आधी विचारावं. कुत्र्यांवर काम करायचं असेल तर रेबीजच्या आगाऊ लसीचंही तेव्हाच विचारावं.

पीतज्वराच्या लशीला तुम्ही "सरकारी कागद" म्हणालात. कागदच आहे, पण त्याच्यामागे कारण आहे. पीतज्वर भारतात नाही, तो पसरवणारा एडिस डास मात्र घरोघरी आहे, म्हणून आपलं सरकार याबाबतीत कडक वागतं. केनिया, युगांडा, इथिओपिया अशा देशांतून प्रमाणपत्राशिवाय परतलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दक्षिण आफ्रिकेत हा आजार नाही, पण नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाताना तिथे बारा तासांपेक्षा जास्त मुक्काम झाला तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. नातीला सांगा, विमानाचं तिकीट काढण्याआधी हे बघ.

गोचिडीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार! फक्त तिथली बारीक पिल्लं मिऱ्याच्या भुकटीएवढी असतात आणि गवतातून एकदम पन्नास-साठ चढतात. चावल्या जागी काळी खपली आणि मागून ताप आला तर लगेच सांगायचं, अंगावर काढायचं नाही. कपडे मातकट रंगाचे न्यावेत. झिंबाब्वे-झांबियाकडे जायचं असेल तर लष्करी ठिपक्यांचे कपडे घेऊ नयेत, सामान्य माणसानं ते घालणं तिथे गुन्हा आहे. त्से-त्से माशी असलेल्या भागात निळा आणि काळा रंगही नको, ती त्या रंगांकडे येते. आणि एक गंमत वाटावी अशी गोष्ट: दक्षिण आफ्रिकेतला जुना प्लग म्हणजे आपल्या गिझरचा तीन जाड गोल पिनांचा प्लग. मी घरून तीच पिन लावलेला बोर्ड नेला आणि सगळ्यांचे फोन त्यावर चार्ज झाले.

आता पैसे. विमान धरून माझे अडीच लाखांच्या वर गेले. कुणाकडे पैसे असतील पण चार आठवडे नसतील, तर तुमच्या कुटीवरचे सौर दिवे हाच उत्तम मार्ग आहे, हे मी मनापासून मान्य करते आणि मूळ लेखात तशी भर घालते. तिथल्या कामाचा एक तृतीयांश वेळ मी काय उपटत होते माहितीये? रानमोडी. आपल्या कोकणात, घाटात माजलेली तीच रानमोडी. मूळची अमेरिकेतली. तिथल्या हुलहुलुवे-इम्फोलोझीच्या राखीव जंगलात ती काढायला वर्षानुवर्षं माणसं लागली आहेत. ती उपटायला आफ्रिकेत जायची गरज नाही, बरोबर आहे. मी गेले ते रानकुत्र्यांसाठी, आणि पैसे भरण्याआधी त्यांचा किती भाग डिझेल आणि पट्ट्यांच्या बॅटऱ्यांवर जातो हे लेखी विचारून घेतलं होतं.

पिल्लांच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. तुमच्याकडे आलेलं पिल्लू खरोखर पोरकं होतं. जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात, तेव्हा वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले डॉक्टर काय करतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पिल्लू तपासतात, अंधार पडायच्या वेळी त्याच शेतात नेऊन ठेवतात आणि लांब बसून आईची वाट बघतात. माणसाचा हात जितका कमी लागेल तितकं बरं, ही त्यामागची समज.

दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले हजारो सिंह आहेत. तिथल्या कित्येक ठिकाणी पिल्लू काही दिवसांचं असतानाच आईपासून काढतात, कारण पिल्लं जवळ असेतो सिंहीण पुन्हा माजावर येत नाही. मग "अनाथ पिल्लांना दूध पाजा" म्हणून परदेशी स्वयंसेवकांकडून पैसे घेतात. माणसाच्या हातावर वाढलेला तो सिंह जंगलात सोडता येत नाही. मोठा झाल्यावर कुंपणाच्या आत शिकाऱ्यापुढे उभा करतात, नाहीतर हाडं विकतात. हा धंदा बंद करण्याचा इरादा तिथल्या सरकारनं २०२१मध्ये जाहीर केला. तुमची नात चांगल्या मनानं दूध पाजेल, आणि तिच्या त्या चांगल्या मनावरच हा धंदा चालतो. मला याचा फार त्रास होतो, म्हणून लेखात आवाज चढला असेल.

तिला शिबिराला तीन प्रश्न लिहून विचारू द्या. पिल्लं आली कुठून? त्यांची आई कुठे आहे? दोन वर्षांपूर्वीची पिल्लं आज कुठे आहेत? पिल्लांना हात लावायलाच मिळणार नाही असं उत्तर आलं, तर ते शिबिर बहुधा बरं.

आणखी एक, फोनमधलं लोकेशन बंद ठेवायचं. २०२३मध्ये दक्षिण आफ्रिकेत ४९९ गेंडे मारले गेले, त्यातले ३२५ एकट्या क्वाझुलु-नातालमध्ये. शिकाऱ्यांना जागा कळू नये म्हणून गेंड्याचा फोटो शिबिर सोडल्यावर टाकला तरी जागेचं नाव लिहायचं नाही.

नातीला नाही म्हणू नका, काका. उलट जाण्याआधी आठवडाभर तिला तुमच्याबरोबर रानात चालवा. जनावराच्या वाटेवर तार कुठे बांधतात, किती उंचीवर, वाकवलेली फांदी कशी दिसते, हे तिला दाखवा. तिथे पहिल्याच आठवड्यात कुंपणालगत फास शोधायला लावतात. मी चार दिवस चालले आणि मला एकही दिसला नाही. माझ्यामागून येणाऱ्या गस्तीवाल्यानं त्याच वाटेवरून सात काढले होते.